मेरीमातेला उलटं करायचं राहिलं

आउग्सबुर्ग, संत गालचा दिवस

तीर्थरूप कोर्बिनियनमामांना भाचा क्विरिन वाकून नमस्कार करतो. तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा आहे. इकडे मी कोठडीच्या दारातून परत आलो, एवढं बरं म्हणायचं.

झालं असं, की आमच्या सेनापती हार्टेनेकनी पोपला न मानणाऱ्या लुथरवाल्यांचा किल्ला घेतला आणि त्या विजयाचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोरलेलं कागदावर डावं-उजवं उलटं उमटतं, म्हणून आम्ही आधीच सगळं उलटं कोरतो. मीही फौजा, तोफा, घोडे (मेलेलेसुद्धा) उलटे कोरले. ढगातली मेरीमाता आणि तिच्या शेजारचा संत मायकेल तेवढे सुलटे कोरले. (देवाच्या आईला उलटं करायला हात धजेना.) छापून बघतो तर माता लुथरवाल्यांना आशीर्वाद देतेय आणि संत मायकेल तलवार उपसून आमच्याच सेनापतींच्या मागे लागलाय! आठवड्यात सेनापतींचे पाद्रीबुवा चित्र न्यायला येणार, आणि देवाला शत्रूच्या बाजूला बसवणाऱ्याला ते काय बक्षीस देतात हे तुम्हाला ठाऊक आहेच.

शेवटी माझी बायको आफ्रा म्हणाली, "अहो, आकाश हलत नसेल तर माणसं हलवा की!" म्हणून मी झेंडे खरवडून त्यांची अदलाबदल केली. मातेखाली आमची माणसं आली खरी, पण तिथे गुडघे टेकून चाव्या देणारा किल्लेदार होता. त्याच्या धडावर सेनापतींचं डोकं बसवावं लागलं. आता घोड्यावरून चाव्या घेणारा कोण? सेनापती गुडघे टेकतील असा, चाव्यांचा खरा मालक एकच: स्वर्गाच्या दाराच्या चाव्या सांभाळणारा संत पीटर. स्वाराला दाढी दिली, टक्कल दिलं, डोक्यामागे तेज दिलं. त्याच्या फौजेला पंख लावले. मायकेलच्या उपसलेल्या तलवारीची मेणबत्ती केली. (तोफा राहिल्या, देवदूतांनाही लागत असतील.)

ठरल्या दिवशी पाद्रीबुवा आले आणि चित्राला नाक लावून बघू लागले. "संत पीटर चिलखतात?"

"थंडी फार होती, बुवा."

"आणि घोड्यावर?"

"स्वर्ग काय जवळ आहे का?"

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा मोठा विजय, आणि आमच्या सेनापतींनी तो देवाच्या पायाशी ठेवला!" आता हे चित्र देवळादेवळांत लागलंय, आणि मी सुखात आहे.

आपला लाडका,
क्विरिन

ता. क. पीटरच्या चेहऱ्यासाठी कुणीतरी भला माणूस हवा होता, म्हणून तुमचा घेतला. नाक जरा लहान केलंय.

आणखी एक ता. क. हा पुण्यात्मा कोण, असं बुवांनी विचारलं. घाबरून मी म्हटलं, माझे स्वर्गवासी मामा. ते ऐकून सेनापती पुढच्या महिन्यात संत मार्टिनच्या सणाला फौजेसकट तुमच्या थडग्याच्या दर्शनाला निघालेत. थडग्याचा दगड कोरून गाडीने पाठवतोय. तुमच्याबद्दल चारचौघांत बरं बोलायची सवय मामींनी आतापासूनच करावी. आणि मामा, पाया पडतो, त्या दिवशी तरी गुत्त्यावर जाऊ नका. तुम्ही जिवंत दिसलात तर मी मेलोच.