सोनुबाईंच्या नावाचे दोन डबे

निपाणी,
रविवार दुपार

प्रिय मालू,

हे पाकीट पोस्टमनच्या हातून घेताना तू आधी ते उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव वाचशील आणि मग आपल्या दोघींच्या घरांमधल्या भिंतीकडे बघशील. बघ. मी भिंतीच्या अलीकडेच आहे, कुठं गेलेली नाही. तुझ्या मिक्सरचा आवाज मला येतो, माझ्या भांड्यांची आदळआपट तुला येत असणार. तरीपण एका विटेच्या भिंतीपलीकडे पत्र पाठवायला उद्या मी उन्हातनं पोस्टात जाणार आहे. दारात आले असते तर तू दार लावून घेतलं असतंस, आणि लावलं नसतंस तर माझ्याच तोंडातनं शब्द फुटला नसता. सख्ख्या जावा असून चार वर्षं आपण बोलत नाही. एवढ्या काळात बोलायची रीतच विसरायला होते. लिहायला बरं, मधे कुणी उठून जात नाही.

तर विषय डब्याचा. त्या गुरुवारी सत्याप्पाच्या डंकावर आपल्या दोघींची वर्षाची चटणी लागोपाठ कुटून झाली आणि घरी येताना डबे बदलले. तुझा माझ्याकडे आला, माझा तुझ्याकडे गेला. तसं यात नवल नाही. आत्याबाईंनी जुळ्या पोरींना फ्रॉक शिवावेत तसे दोन पितळी डबे घेतले, दोन्हींवर 'सौ. सोनुबाई' असं स्वतःचंच नाव घातलं आणि आपण वेगळ्या झालो तेव्हा एक तुला दिला, एक मला. सुनांची नावं घालावीत असं काही त्यांना वाटलं नाही. त्यात डंकावरची ती गर्दी. पार सदलग्याहून आलेल्या बायका, तोंडाला पदर, नाकाला पदर, उघडे तेवढे डोळे आणि तेही वाहणारे. शिंका, ठसके, मुसळांचा धाडधाड आवाज, आणि सत्याप्पा मधनंच ओरडतोय, "आक्का, नंबरानं या गं! ह्या मुसळाला काय डोळं हाईत व्हय?" अशात डबा बदलला तर दोष कुणाला द्यायचा? असं मी गेले दहा दिवस स्वतःला सांगत होते.

तुझी चटणी मला कळली ती ह्यांच्या ताटावरून. सोमवारी मसुराची आमटी केली होती. पहिला घास घेतला आणि हे थांबले. मला वाटलं खडा लागला. तर म्हणाले, "आज आमटी कुणी केली?" मी म्हटलं, तुमच्या दुसऱ्या बायकोनं. त्यावर ह्यांनी एकामागनं एक करत चौथी भाकरी घेतली. मालू, दोन वर्षांत हा माणूस दुसऱ्या भाकरीच्या पुढं गेलेला नाही. जेवून उठल्यावर परत स्वयंपाकघरात आले आणि डब्याकडे बघून गेले, लग्न ठरलेला मुलगा येता-जाता मुलीच्या घराकडे बघतो तसे. मला राग आला आणि रडूही आलं. रडू कांद्यावर ढकललं.

आता सांगते ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तो ताप आला होता बघ, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. नाक आहे जागेवर, चष्मा टेकायला उपयोगी पडतं, पण बाकी काही काम करत नाही. उदबत्ती आणि रॉकेल मला सारखंच. पहिले काही दिवस कळलंच नाही, सर्दी राहिलीय म्हणत होते. मग एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि समोरची जयाबाई धावत आली, "अंबुबाई, तुमच्यात काय जळतंय गं?" आत जाऊन बघते तर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर. आता जयाबाईला खरं सांगायचं म्हणजे गल्लीत लाउडस्पीकर लावण्यासारखंच. मी म्हटलं, धूप घातलाय, नवीन आहे. तर ती बाई तिथंच उभी राहून धूप कुठल्या दुकानातला म्हणून विचारत बसली.

भाजी-आमटी निभावते. मीठ-तिखट जिभेला कळतं, बाकीचं चाळीस वर्षांच्या सवयीनं हात करतात. पण वर्षाच्या चटणीचं भाजणं सवयीनं होत नाही, हे तुला सांगायला नको. धणे कधी उतरायचे, खोबरं कधी उतरायचं, दगडफूल किती परतायचं, हे आपल्याला आत्याबाईंनी वासावर शिकवलं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, माप नव्हतं. वास आला की झालं, एवढंच शास्त्र. मी म्हटलं, आपण नवीन शास्त्र काढू. गेल्या वर्षी मोबाइलवर मिनिटं लावली आणि कढईसमोर बसले. धणे जमले असावेत. खोबऱ्याला चार मिनिटं लावली, आणि तिसऱ्या मिनिटाला बेळगावहून युवराजचा फोन आला. आई काय करतेस, जेवलीस का, नीलमला जरा रेसिपी सांग. मी आपली नीलमला खोबरं कसं हलक्या हातानं भाजायचं ते सविस्तर सांगत बसले, आणि माझ्यासमोर खोबऱ्याचा कोळसा झाला. सुनेला सांगितलेलं मात्र बरोबर होतं, तिचं छान झालं म्हणे.

मग ह्यांचं नाक उसनं घ्यायचं ठरवलं. कारण नाही सांगितलं, नुसतं म्हटलं, इथं बसा, वास सुटला की सांगा. आता ह्या माणसाची सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत गेली, वर दिवसातनं दहा वेळा तपकीर. त्या नाकात वासाला शिरायला जागा कुठं आहे? मी विचारलं, आला का वास? म्हणाले, "कसला?" दोन मिनिटांनी परत विचारलं, तर पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "आलाय की मगाच." मी घाईनं कढई उतरवली तर तीळ पांढरे शुभ्र, कच्चे. परत चढवली. तेवढ्यात ह्यांना तपकिरीची शिंक आली आणि अर्धे तीळ उडून शेगडीखाली गेले. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "तुला काय पायजे ते सांग, तसा वास येतूय म्हणतो." संसार असा चाललाय बघ.

बेळगावला कॅम्पातल्या नाकाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. घरी सांगितलं मैत्रिणीच्या नातीचं बारसं आहे, आणि खरं वाटावं म्हणून झबलं विकत घेतलं. ते अजून कपाटात आहे. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं डोळे मिटायला सांगून छोट्या छोट्या बाटल्या नाकाखाली धरल्या. मी लवंग म्हटलं ती कॉफी निघाली, लिंबू म्हटलं ती नुसतीच रिकामी बाटली निघाली. म्हणाला, येईलही परत, सांगता येत नाही, रोज चार वास घेत राहा. रोज सकाळी मी लवंगेच्या डबीत नाक खुपसून बसते. हे समजतात मी काहीतरी व्रत धरलंय.

गेल्या वर्षीच्या त्या काळ्या चटणीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि तेच मला लागलं. हे लोणच्याशी भाकरी खायला लागले. युवराज दर वर्षी बरणी घेऊन जातो, डोळ्यांत तेल घालून बघत असतो मी काठोकाठ भरते की नाही. त्यानं गेल्या वर्षी म्हटलं, "आई, बॅगेत जागा न्हाय गं." बॅग माझ्यासमोर उघडी होती. निम्मी रिकामी होती. तू मला ओळखतेस. माझ्याजवळ दुसरं काय आहे? मी शिकलेली नाही, दिसायला बेताची, तोंडानं फटकळ. गल्लीत नवी सून आली की तिला माझ्याकडे पाठवतात, अंबुबाईंना विचार म्हणून. तेवढ्यावर मी मान वर करून चालते.

म्हणून आता खरं लिहिते. डबे आपोआप बदलले नाहीत, मालू. मी बदलले. ह्या वर्षीही खोबरं करपलंच होतं. सत्याप्पानं कुटून झाल्यावर माझ्या डब्यात डोकावलं, पदरातल्या माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "आक्का, औंदा जरा..." आणि झाकण लावलं. इतका बडबड्या माणूस गप्प झाला तेव्हाच समजायचं ते समजले. तू रसवंतीवर गेली होतीस. तुझा डबा माझ्या डब्याला चिकटून होता, तेच पितळ, तेच नाव. मी तुझा उचलला आणि चालू लागले. साठी उलटल्यापासून इतकी भरभर मी कधी चालले नव्हते. वाटेत भाजीवाली हाका मारत होती, थांबलेसुद्धा नाही. चोर इतके का दमतात ते त्या दिवशी कळलं.

मग तुझी वाट बघत बसले. तू पहिल्या चिमटीतच ओळखणार हे मला माहीत होतं. रोज वाटायचं, आज ही दार बडवणार, शिव्या देणार. मी उत्तरंही तयार ठेवली होती, दोन-तीन तर फार चांगली जमली होती. खरं सांगायचं तर तू यावंस असंच वाटत होतं, भांडायला का होईना. तू आलीच नाहीस. काल आली ती जयाबाई. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, "ऐकलंसा काय? मालूची चटणी पार करपली औंदा. सोताच सांगत हुती, माझाच हात चुकला म्हणून." आणि मी हसायची वाट बघत उभी राहिली. मला हसू आलं नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि चहा न टाकताच बसून राहिले.

तुला सगळं कळलं होतं ना गं? माझी चटणी तू तुझी म्हणून सांगितलीस. आणि मी काय केलं होतं? युवराजच्या लग्नाच्या आदल्या दिवशी रश्श्याचा मसाला तू भाजला होतास. पाहुणे बोटं चाटत होते, मालूनं केलाय का, मालूनं केलाय का, करत होते. नवऱ्या मुलाची आई मी, आणि माझं नाव कुणी घेईना. तेव्हा मी चाळीस माणसांत म्हटलं, मालू, खोबरं करपवलंस की गं. तू पळी खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि गेलीस. खोबरं करपलं नव्हतं. इतकं सुरेख भाजलेलं खोबरं मी जन्मात बघितलेलं नाही. मी म्हटलं म्हणून सगळ्यांना करपट लागायला लागलं. चार वर्षांत एकदा जरी मी हे बोलून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. माझं चुकलं, मालू. लई चुकलं.

पत्र बुधवारपर्यंत तुला मिळेल. शुक्रवारी सकाळी मी तुझा डबा घेऊन येते, पुढच्या रस्त्यानं, जयाबाईच्या दारावरनं. ती विचारणारच, आणि मी तिथंच उभी राहून सगळं सांगणार, नाकासकट. एकदाच सांगितलं की गावात वेगळं सांगत फिरावं लागणार नाही. डब्यातली चार मुठी चटणी कमी आहे, ती ह्यांच्या पोटात गेली, तेवढी माफ कर. माझ्या डब्यातली उकिरड्यावर टाक. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची नवीन आणून गच्चीवर वाळत घातलीय, कांदाही चिरून वाळवलाय, खोबरं किसून ठेवलंय. फक्त भाजायचं राहिलंय, आणि ते माझ्या एकटीच्यानं होत नाही. हे लिहायला मला आठ पानं फाडावी लागली. माझे हात अजून धड आहेत, हलवीन मी, धुरातही मीच बसेन. तू नुसती शेजारी पाट टाकून बस. नवी नवरी होऊन आलीस तेव्हापासून चुलीपुढं मी तुला हे घाल, ते काढ करत आले. आता तू कर. तू 'उतर' म्हणालीस की मी कढई उतरवीन, आणि का म्हणून विचारणार नाही.

भिंतीच्या अलीकडची, तुझीच,
अंबुआक्का