व्हर्नियरच्या जबड्यातलं कुंकू

प्रिय अक्का,

गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी माझ्या सदरातून आजवर भरपूर टिंगल केली. पाकिटावर पत्ता कुठला घालता, पिनकोड काय, असं विचारलं. आता हस तू. मीच लिहायला बसलेय, आणि पत्ता मलाही ठाऊक नाही.

काल संध्याकाळी मुग्धा हॉस्टेलमधून घरी आली. गादीसकट! बॅग घेऊन येणारी मुलगी सुट्टीला आलेली असते. गादी घेऊन येणारीला परत जायचं नसतं. ऑटोवाल्याने गादी जिन्याशी टेकवली आणि मला म्हणाला, "स्वल्प हिडकोळ्ळी, मेडम." मी निमूट दुसरं टोक धरलं. दुसरं काय धरणार होते?

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला ती गणितात आणि फिजिक्समध्ये नापास झाली. आपली मुग्धा! पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणितात अठ्ठ्याण्णव घेतलेली. तो आकडा तिच्या बापाने, सुधीरने, म्हैसूरपासून मिरजेपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन करून कळवला होता, आठवतं? आता सोमवारी कॉलेजला सांगायचंय, राहणार की नाव काढणार. ती म्हणते, काढा. तिचा बाप म्हणतो, क्लास लावा. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून मी तुझ्याशी बोलतेय.

आणि तुझ्यावर रागावलेय. ते आधी सांगून टाकते.

बसवनगुडीतल्या त्या शाळेत तू जन्मभर फिजिक्स शिकवलंस. निवृत्त झालीस तरी दर मे महिन्यात, दहावी झालेली पोरं कॉलेजात जायच्या आधी तुझ्या व्हरांड्यात येऊन बसायचीच. बादली, दोरी, दगड, भाजीवाल्याकडून आणलेला जुना तराजू. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, तू भंगाराचं दुकान काढलंयस. एखादं पोर विचारायचं, "अक्का मिस, उत्तर बरोबर आलं का?" तर तू म्हणायचीस, "मला काय विचारतोस? बादलीला विचार." आधी अंदाज, मग माप, मग हिशेब. आणि तिन्ही जुळले नाहीत की तू लहान मुलीसारखी खूश व्हायचीस! "सरी, छान! आता चूक कुठून शिरली ते शोधा. आज मजा आहे."

चुकीत मजा असते असं म्हणणारी तू एकटीच बाई मला भेटलीस. बाकी सगळ्या गावात चुकीला मार्क कापले जातात.

मुग्धा त्या व्हरांड्यात कधीच बसली नाही. नववीपासून मैत्रिणींच्या मागे मागे ती जयनगरच्या इंटिग्रेटेड कारखान्यात गेली. इंटिग्रेटेड म्हणजे शाळा-कॉलेज आणि कोचिंग एकाच छताखाली. म्हणजे दोघांपैकी कुणीच शिकवलं नाही, तरी नेमकं बोट कुणाकडे दाखवायचं ते कळत नाही. तिथे खेळाचा तास नाही, चित्रकला नाही. प्रश्न आला की काही सेकंदांत चार पर्यायांतले तीन मारायचे आणि जिवंत राहील त्याच्यावर खूण करायची. आमची पोर त्यात इतकी तरबेज झाली की प्रश्न पूर्ण वाचायची गरजच उरली नाही. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला गेली, तर आयुष्यात पहिल्यांदाच प्रश्नाखाली चार पर्याय नव्हते. खाली नुसती कोरी जागा, आणि वर "का?" एवढंच!

आज सकाळी उप्पीट वाढताना मी तिला विचारलं, "लॅबमध्ये नेमकं झालं काय?" कारण सगळं तिथूनच बिघडलं असं ती रात्री बोलून गेली होती.

"काही नाही, अम्मा. व्हर्नियर कॅलिपरने पितळी सिलिंडरचा व्यास मोजायचा होता."

"मग?"

"मी लिहिला."

"मोजलास?"

"लिहिला म्हणाले ना! पीयूच्या जर्नलमधलं रीडिंग पाठ होतं मला. सर वही बघून म्हणाले, आकडा सुंदर आहे, पण हा कुठल्या सिलिंडरचा? प्रत्येकाला वेगळ्या जाडीचा दिला होता. सगळे हसले."

"पण पीयूत तू हा प्रयोग केला होतास ना?"

"रीडिंग फळ्यावर लिहून द्यायचे. आम्ही उतरवून घ्यायचो. लॅब उघडली की वेळ जातो म्हणायचे."

"म्हणजे व्हर्नियर तू बघितलंच नव्हतंस?"

"बघितलं होतं की. दसऱ्याच्या आयुधपूजेला." तिने उप्पीटातला काजू बाजूला काढला. "हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून टेबलावर मांडलं होतं. मायक्रोस्कोपच्या शेजारी. पुळियोगरे भात पण छान होता."

अक्का, मी लोकांचे वाभाडे काढून पोट भरते. तरी माझी बुद्धी इथवर पोचली नसती! वर्षातून एकदा लॅबचं कुलूप निघतं, आणि तेही प्रसादासाठी.

पूजा तुझ्याकडेही व्हायचीच. तराजूला माळ, थर्मामीटरला कुंकू, सगळं यथासांग. पण आरती संपली रे संपली की तू पोरांच्या हातात फडकी द्यायचीस. "जबड्यातलं कुंकू आधी पुसा. देवाला चालतं, व्हर्नियरला चालत नाही. जबडा मिटला की शून्यावर शून्य यायला हवं." एकदा भटजी मामांनी डोळे वटारले, तर तू त्यांनाच व्हर्नियर दिलंस आणि जानव्याचा दोरा मोजायला लावलास. त्यांनी मोजलासुद्धा!

मग अशी तू, जिने भटजींना सोडलं नाही, तिने आपल्याच भाचीला का सोडलं? हाच माझा राग आहे. सगळ्या बसवनगुडीला तू तोंडावर सांगायचीस, तुमच्या पोराचा पाया कच्चा आहे, मार्कांवर जाऊ नका. आणि मुग्धाच्या पीयूसीच्या निकालाच्या दिवशी? बदाम हलवा घेऊन आलीस, तिच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलीस, आणि हसत बाहेर आलीस. एक शब्द नाही! आमचं मन दुखेल म्हणून? की धाकट्या बहिणीचा संसार म्हणजे परक्याचं घर?

सकाळी हेच मी मुग्धासमोर बोलले. "तुझ्या दोड्डम्मा मावशीने तरी तेव्हा सांगायला हवं होतं," म्हटलं.

तिने ताटली सरकवली. "तिला शिव्या नको देऊस. मीच तिला शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

आणि मग तिने सांगितलं. त्या दिवशी दार लोटून घेऊन तू पर्समधून व्हर्नियर काढलंस म्हणे. तिच्या हातात तिचाच पेन दिलास आणि म्हणालीस, "जाडी सांग बघू, घाई नाही." तिला जबडा कसा उघडतात ते कळेना. ती रडायला लागली. बाहेर सुधीर फोनवर अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव करत होता. ती तुला म्हणाली, अम्मा-अप्पांना सांगू नकोस, कॉलेज सुरू व्हायच्या आत मी तुझ्याकडे येऊन सगळं शिकते. तू म्हणालीस, "सरी. तू येशील तेव्हा. मी कुठे जातेय?"

मी कुठे जातेय! अक्का, असलं काही बोलू नये गं माणसाने.

ती आली नाही. आधी सीटचं काउन्सेलिंग, मग नवे कपडे, नव्या मैत्रिणी, मग हॉस्टेल. येलहंकाच्या हॉस्टेलहून बसवनगुडीला यायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक, पासपोर्टच काढावा लागतो. आणि तू दर आठवड्याला मला फोन करायचीस. इकडचं तिकडचं बोलून झालं की सहज विचारायचीस, "मुग्धा मोकळी आहे का गं या रविवारी?" मी सांगायचे, तिचं काहीतरी ऑनलाइन चालू आहे. "असू दे, असू दे," म्हणायचीस. मला वाटायचं, म्हातारपणी सोबत हवी असेल. तू वाट बघत होतीस, हे मला आज सकाळी, थंड उप्पीटासमोर कळलं.

त्या सिलिंडरच्या दिवशी तिने तुला फोन लावला होता. ठाऊक आहे तुला? लागला नाही. तू तेव्हा आयसीयूत होतीस आणि फोन माझ्या पर्समध्ये, बंद. दिवाळी उजाडायच्या आत तू गेलीस.

आता सांग, राग कुणावर काढू? शब्द पाळलास म्हणून तुझ्यावर? एकदा तरी मोडायचास की! पोरीने रागाने चार दिवस तोंड फुगवलं असतं, आणि पाचव्या दिवशी तुझ्या व्हरांड्यात बादली मोजत बसली असती. पण तू मुलांना दिलेला शब्द मोडणारी असतीस, तर मुलं तुझ्यासमोर चुकली असती का, हेही डोक्यात येतं. दिवसभर हेच चाललंय. या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. दोनदा गॅसवर दूध उतू गेलं.

दुपारी सुधीरच्या आग्रहाखातर मी आणि मुग्धा जयनगर फोर्थ ब्लॉकला एका क्लासात जाऊन आलो. बॅकलॉग काढून देणारा क्लास. हो, असतात असे! आधी पीयूत पाया न घालता इमारत बांधून देणारे, आणि रस्ता ओलांडला की तीच पडलेली इमारत टेकू लावून उभी करणारे. टाय लावलेला एक तरतरीत मुलगा समोर बसला.

"मेडम, चिंता बेड, काळजी नको. नेमके येणारे प्रश्न आम्ही देतो. फक्त पाठ करायचे."

मुग्धा म्हणाली, "पण मला ते समजलेलंच नाहीये."

"कॉन्सेप्ट आमेले नोडोण," तो हसून म्हणाला. "ते मागून बघू. आधी पास व्हा. समजून घ्यायला सेकंड इयर आहे ना!"

"आणि सेकंड इयरला?" मी विचारलं.

"त्याचाही क्लास आहे, मेडम. आताच दोन्ही घेतले तर बरं पडेल."

मी जिभेवर आलेलं गिळलं. लेखासाठी एवढं सोन्यासारखं वाक्य समोरून चालत आलं होतं! पण मुग्धाकडे बघितलं आणि हसू आलं नाही. ती उठली होती. त्या मुलाला तिने नमस्कारसुद्धा केला. बाहेर फुलवालीपाशी येऊन म्हणाली, "अम्मा, मी आठवीत परत जाते."

"म्हणजे?"

"आठवीपासून सगळं परत करते. अपूर्णांक, आलेख, सगळं. सोमवारी कॉलेजला जाऊन सरांना सांगते की मी आजवर हाताने काही मोजलेलंच नाही. हसले तर हसू देत. पुन्हा नापास होईन बहुतेक, सांगून ठेवते."

घरी आल्यावर सुधीरला सांगितलं. तो चष्मा काढून बसला. "वर्ष फुकट जाईल गं, बाळ."

"पीयूची दोन आधीच गेलीयत, अप्पा," ती म्हणाली. "हे तिसरं निदान माझं असेल."

सुधीरने चष्मा परत घातला. उठला आणि जिन्यातली गादी उन्हात टाकली. सोमवारी न्यायला बरी म्हणून.

मी सुटकेचा निःश्वास टाकला असं तुला वाटेल. नाही. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. एक मुलगी पुन्हा आठवीत जाऊन बसेल, पण तिच्या मागे बसून तीच रीडिंग उतरवणाऱ्या बाकीच्यांचं काय? त्यांचे आईबाप आज कुठल्या नातेवाइकाला फोन करत असतील? आणि खरंच पुन्हा नापास झाली तर? हे सगळं आम्ही एक वर्ष ओढू शकू? तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी अंदाज सांग. माझा अंदाज वाईट आहे, अक्का. पण तिचा चेहरा बघितला की वाटतं, माझं माप चुकत असेल.

माळ्यावरून तिने स्वतःचं आठवीचं गणिताचं पुस्तक काढलंय. कोरं करकरीत! तेव्हाही क्लासच्या नोट्सच वाचायची. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पसरून बसली आहे. मघाशी तिथूनच ओरडली, "अम्मा, ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

मी गणित दहावीनंतर सोडलेली बाई. लहानपणी घोकलेला नियम ओठावर आला होता. जोरात म्हणूनही टाकला असता, प्रश्न मिटला असता. पण म्हटलं, "माहीत नाही गं."

"मलाही," ती म्हणाली. आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

तर अक्का, शब्द देते. तू दिलेले पाळलेस, मी हा पाळेन. ती पास होईल असं मी कबूल करत नाही, ते माझ्या हातात नाही. पण आजपासून या घरात "माहीत नाही" या उत्तराला पूर्ण मार्क. मी हसणार नाही, तिच्यावर लेख लिहिणार नाही, सुधीरलाही फोनला हात लावू देणार नाही. फक्त ते उत्तर देऊन टेबलावरून उठून जायचं नाही, ना तिने, ना मी.

जाते. ती थांबलीय.

तुझी धाकटी,
वैजू