एकच वर्ष, शपथेवर

३ ऑक्टोबर
नाही म्हणाली! भाड्याने द्यायला घर घ्यायचंय म्हटलं, तर बँकेतली कर्जवाली लॉरेटा तोंडावरच म्हणाली, ‘सरकारी हमीचं कर्ज राहणाऱ्याला मिळतं, गुंतवणूकदाराला नाही.’ माझा चेहरा पडला तशी हळूच म्हणाली, ‘पण तीन मजली घर घ्या. दोन मजले भाड्याने द्या, एकावर स्वतः राहा. वर्षभर. पुढे तुमची मर्जी.’
तीन मजली! शिकागोत अशी घरं पावलोपावली.

४ ऑक्टोबर
माझा नवरा, रे, ऐकेना. ‘छत्तीस वर्षांचं घर सोडून भाडेकरूंच्या डोक्यावर जाऊन बसू? मी नाही येत!’
म्हटलं, मी एकटी राहते. एकच वर्ष. वचन दिलं. त्याने तोंड फिरवून टीव्ही लावला.

२८ नोव्हेंबर
तीन मजली घर घेतलं, कर्जाच्या कागदांवर सही केली. साठ दिवसांत तिथे राहायला जाईन — शपथेवर. मनात मात्र वेगळंच. टपालपेटीवर नाव लावायचं, खिडकीत आपोआप लागणारा दिवा ठेवायचा. कोण बघायला येतंय?

१० जानेवारी
अख्खी गल्ली बघते!
काल फूटभर बर्फ पडला. गाडीपुरती जागा उकरली की तिथे खुर्ची ठेवायची, मग ती जागा आपली — इथला रिवाज. मी इथलीच आहे हे दिसावं म्हणून एका मोकळ्या जागेत खुर्ची ठेवली, वर नाव लिहिलं आणि रेकडे, जुन्या घरी परतले.
ती जागा तळमजल्यावरच्या भाडेकरूने, झिग्मंडने उकरलेली! चर्चहून येतो तर माझी खुर्ची. लगेच फोन — ‘कंबर माझी मोडली आणि खुर्ची तुमची? इथे राहणारा माणूस असं करत नाही, बाई. तुम्ही राहतच नाही! तुमचा दिवा रोज बरोब्बर सहाला लागतो, आंधळे आहोत का आम्ही?’
याने बँकेला एक पत्र टाकलं तर खोट्या शपथेचा खटला!

११ जानेवारी
दोन बॅगा, एक गादी. आले राहायला.

२ फेब्रुवारी
दीड तास बर्फ उपसला. झिग्मंड खिडकीतून ओरडत होता, ‘फावडं आहे ते, चमचा नाही!’ मग खुर्ची ठेवली. कुणी हात लावला नाही. काय तो आनंद!

१९ जून
मागच्या सज्ज्यात पाय पसरून बिअर प्यायले. रेचा फोन — ‘माझा चष्मा कुठाय?’ मी इथे, चष्मा तिथे! मग म्हणाला, ‘दोनशे सहा दिवस उरले, बर्निस.’ बिचारा मोजतोय. मी विसरूनच गेले होते.

११ जानेवारी
वर्ष झालं. रे खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतोय. मी एकही खोकं भरलेलं नाही. मला जायचं नाही. आणि हे त्याला जाऊन सांगायचा धीर होत नाही.