वैष्णवीले पाहाले जपानवाले आले

१० फेब्रु., मंगळवार

सर्वात पहिले आली कुसुम. शेजारची कुसुम म्हणजे मोहगावचा लाउडस्पीकर. पदराले हात पुसत पुसतच आत. "काहो काकू, वैष्णवीले उद्या पाहाले येऊन राहिले म्हणे? पोट्टा काय करते?" मी म्हटलं, पोट्टा नाही व, जपान आहे. बसलीच मटकन खाली.

मग सांगतलं तिले सारं. आपल्या वै.नं छिंदवाड्याले नर्सिंग केलं, सौसरच्या दवाखान्यात नोकरी केली, मग भोपाळले राहून जपानी बोली शिकली. घरात नातीच्या तोंडून आम्ही ऐकतो, चिमण्या बोलल्यावानी वाटते. राज्य सरकारची योजना आहे, इकडच्या पोरी तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या सेवेले पाठवतात. तीन वर्षं. उद्या योजनेची भोपाळवाली मॅडम अन् तिकडच्या वृद्धाश्रमाच्या दोन बाया घर पाहाले येणार. पसंत पडली त नेणार.

दिलीप म्हणते, "आई, तू हो म्हटलं त मी हो." पोरीचा बाप तो, अन् डोकं माझं लावते. हुशार लेक आहे माझा.

जाता जाता कुसुमनं अक्कल देल्ली. "काकू, तुम्ही उद्या खाटेवर पडून राहा. बिमार. वै. तुमची कशी सेवा करते ते दिसलं पाहिजे न त्यायले." मले पटलं. लिहिता लिहिता हसू येऊन राहिलं.

११ फेब्रु., बुध.

पडली बाप्पा. चादर गळ्यापर्यंत, कपाळावर ओली पट्टी. वै. पाय चेपे अन् खुसखुस हसे. "आजी, डोळे मिट न! बिमार माणूस असं टुकुटुकु पाहते काय?"

पाहुण्या आल्या. दारात जोडे काढले अन् तोंडं बाहेर करून सरळ लावले, जसे जोडेच निघाले गावाले. त्यातली मोठी बाई माझ्याच वयाची असन. खाटेपाशी आली अन् कमरेतून वाकली. माझ्यापुढं! पाहुणी वाकते अन् मी लोळून? उठलीच मी. पट्टी सटकून चहाच्या ट्रेमधी. "बसा बाई, बसा!" वै.नं तोंड ओढणीत लपवलं. म्हातारी बाई मात्र खुदुखुदु हसली.

बेसनाच्या पाटोडीचा तिखट रस्सा केला होता. नाक पुसत पुसत दोनदा घेतला तिनं.

मग मी सुरू झाली. मॅडम माझं त्यायले सांगे, त्यायचं मले. पासपोर्ट कोणापाशी राहते? पोरीपाशीच. बिमार पडली त? विमा आहे. अन् नाहीच जमलं त? इथं मॅडम जराशी अडखळली. मालक बदलणं तिकडं सोपं नाही म्हणे, कायदे आहेत. घरी मात्र केव्हाही येता येते. मी म्हटलं, म्हणजे सासर बदलत नाही, माहेर उघडं आहे. दिलीपनं डोळे वटारले. मी काय थांबते!

म्हटलं, "आमच्यात पोरगी देण्याआधी त्या घरच्या जुन्या सुनेले विचारतात. सासूले नाही. इकडची एखादी पोरगी असन तुमच्यापाशी, तिच्याशी आमच्या पोरीले बोलू द्या. तुम्ही ऐकायचं नाही."

मॅडम म्हणे, "अम्मा, ये मैं कैसे बोलूँ?"

"बोला."

बोलली. त्या दोघी जपानी बाया एकमेकींकडं पाहून आपल्या बोलीत लय वेळ बोलत राहिल्या. वै. खाली मान घालून ऐके, तिचे कान लाल. मग वाकल्या, जोडे घातले, गेल्या. ना हो म्हटलं, ना नाही.

सायंकाळी वै. म्हणे, "आजी, त्या काल बोरगावच्या पोरीकडं गेल्या होत्या. तिच्या घरी कोणी तोंड उघडलं नाही. जागा एकच उरली आहे." जेवली नाही.

१३, शुक्र.

वै. रुसली. पाणी मागतलं त ग्लास टणकन ठेवते. अर्धी गल्ली महादेवाच्या यात्रेले पचमढीकडं निघाली. कुसुमही. जाता जाता टोमणा देऊन गेली, "काकू, जपान त तुम्ही हाकललं. तुमच्यासाठी काय मागू महादेवाले?" म्हटलं, तुझ्या तोंडाले कुलूप माग.

पण मी काय चूक विचारलं? माझ्या मायनंही माझ्या जावेले विचारलं होतं, लोधीखेड्याच्या बाजारात गाठून. जाऊ म्हणाली, सासरा तापट आहे, पण भाकरीवर नजर ठेवत नाही. त्या एका गोष्टीवर मी या घरात आली. खरीच निघाली गोष्ट. तापटाचीही अन् भाकरीचीही.

१६, सोम.

मॅडमचा फोन! वै. ओसरीतून ओरडत आली, "आजीऽऽ!" मले धरून गरगर फिरवलं, माझा चश्मा कुठं, मी कुठं.

झालं असं. त्या म्हाताऱ्या बाईले माझी गोष्ट पटली म्हणे. तिच्याही गावात असंच विचारत होते. बैतूलकडची एक पोरगी त्यायच्या आश्रमात काम करते, आता सुट्टीवर घरी आली आहे. तिले घेऊन येणार. ती अन् वै. स्वयंपाकघरात बसतीन, मॅडम अन् पाहुण्या बाहेर ओसरीत. तोवर जागा कोणाले द्यायची नाही.

दिलीप म्हणे, "अन् ती पोरगी वाईट बोलली त?" मी म्हटलं, त वै. इथंच. चांगलं बोलली त मी हो म्हणीन. शब्द देल्ला. देऊन बसली, अन् तेव्हापासून बोटांवर मोजून राहिली. तीन वर्षं म्हणजे...

जाऊ दे. पोरगी गाणं म्हणत भांडे घासून राहिली. असं कधी घासत नाही.

१८, बुध.

आज वै. माझ्या खाटेवर येऊन लोळली. म्हणे, "आजी, त्या पोरीले पहिलं काय विचारू? पगार?"

"पगार मॅडमनं सांगतला न. पहिलं विचार, रडली काय."

"ते त कोणीही रडतेच न व आजी."

"मग विचार, रडली त कोणापाशी."

वै. माझ्या पदराचं टोक बोटाले गुंडाळत म्हणे, "अन् ती म्हणाली, कोणीच नव्हतं, त?"

मी म्हटलं, आधी तिच्या तोंडून ऐकू.

त्या पोरीले घेऊन पुढच्या बुधवारी येतो म्हणाल्या. २५ तारखेले.