आईचा बिननावाचा भाग

शनि., ८ फेब्रु.
सकाळीच बाबांचा, बा.चा फोन. "मुग्धा, कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी म्हणतोय." काय ते वाचा म्हटलं. "नो बूटेबल डिव्हाइस." काही केलंत का? "छे! काहीही नाही." म्हणजे नक्की केलंय.
मयूर विहारहून अर्धी दिल्ली ओलांडून लक्ष्मीबाई नगरला बा.कडे पोचेपर्यंत डोक्यात एकच, आईची रेकॉर्डिंग्ज. गळ्याच्या ऑपरेशनने आवाज जाणार हे कळल्यावर ती दार लावून बसायची. गायची, बोलायची. "थोडा साठवून ठेवते, लागला तर असावा." ऑपरेशननंतर एक शब्द नाही. त्याआधी "अहो" अशी हाक स्वयंपाकघरातून यायची, नंतर बा.ना बोलवायला पेल्यावर चमचा वाजवायची, दोनदा.
तिला जाऊन वर्ष होईल. एकही रेकॉर्डिंग आम्ही ऐकलेलं नाही. हिंमत नाही झाली. वर्षश्राद्धाला दोघांनी मिळून ऐकायचं ठरवलं होतं.
बा. म्हणाले, "थोडी साफसफाई केली फक्त."

रवि., ९ फेब्रु.
आता कळलं सगळं. वर्षश्राद्धासाठी बा.नी नातेवाइकांकडून आईचे फोटो मागवले. कॉम्प्युटरचा C ड्राइव्ह भरला. मग कुठलंतरी फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात डिस्कचे भाग दिसले. C ला नाव होतं. बाकीच्यांना नाव नाही, अक्षर नाही, आत काय ते दिसत नाही.
बा. इथे केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. निवृत्तीआधी रेकॉर्ड रूम छाटायचं काम गळ्यात पडलंय. नाव नाही, नंबर नाही, कोणी मागत नाही, अशी फाइल छाटायची. घरी येऊन तेच केलं. छाटलं आणि मोकळी झालेली जागा C ला जोडून टाकली. "सक्सेसफुल आलं होतं गं," म्हणाले.
त्यातला मोठा भाग आईचा होता. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची ती. तिने स्वतःसाठी वेगळी सिस्टिम, लिनक्स, टाकली होती, त्यातच तिचं सगळं. बा.चं विंडोज तो भाग वाचू शकत नाही, म्हणून तिथून बघितलं की बिननावाचा दिसतो. एकाच टेबलावर इतकी वर्षं.
मी म्हटलं, "तुम्ही आईलाच छाटलंत."
बा. पोळी अर्धी टाकून उठले. बोलायला नको होतं. पण राग अजून गेलेला नाही.

मंगळ., ११ फेब्रु.
ऑफिसात रीमाला सांगितलं. ती आमच्या सर्व्हरचं बघते. म्हणाली, "यार, डिलीट करने से सिर्फ टेबल की लाइन जाती है. डेटा वहीं पड़ा रहता है. बस उस डिस्क को अब हाथ मत लगाना."
दिवसभर वाचत बसले. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो, कुठला भाग कुठून कुठपर्यंत. त्याचीच दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. बा.च्या सॉफ्टवेअरने इमानदारीत दोन्हीकडून ओळ पुसली. म्हणजे दारावरची पाटी काढली, घर तसंच. जीवात जीव आला.
छाटलेला दुसरा भाग एवढासा, बूटचा. मशीन चालू झालं की आधी तिथे बघतं, पुढे कोणाला उठवायचं ते. तो नसला तर C धडधाकट असूनही मशीन म्हणणार, इथे कोणी नाही. तो नवा करता येतो. त्याचं काही नाही.
चालू केल्यावर दोन ओळी यायच्या, विंडोज की लिनक्स. पहिली बा.ची. काही न दाबता आपोआप त्यांचंच उघडेल असं आईने करून ठेवलं होतं. संध्याकाळी बा.कडे जाऊन विचारलं तर म्हणाले, "मला ती कंपनीची जाहिरात वाटायची." हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

गुरु., १३ फेब्रु.
रीमाने एकच गोष्ट विचारायला सांगितली होती. बा.ना फोन केला. जागा जोडल्यावर डिस्कवर काही टाकलंत का?
"हो. फोटो. सगळे बसले."
जोडलेली जागा आईची. C आधीच भरलेला. मग फोटो बसले कुठे? तिच्यावर.
बा.ना सांगितलं नाही. मेट्रोत मी उभ्याउभ्या रडत होते. एक बाई म्हणाल्या, "बेटा, बैठ जाओ." बसले.

शनि., १५ फेब्रु.
डिस्क काढून आणली. मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही, आधी पूर्ण नक्कल, मग नकलेवर काय ते प्रयोग, ही रीमाची ताकीद. सकाळपासून तेच. दुपारी शोधणाऱ्या प्रोग्रामला आईच्या भागाच्या खुणा सापडल्या. फाइलींची यादी आली. नावं देवनागरीत, तिचीच पद्धत.
"भूप" लावला. तानपुरा, खाकरली, सा लागला. तीच. इतकी स्वच्छ. मग खरखर, शेवटपर्यंत खरखर.
रीमा फोनवर म्हणाली, "वो फोटो हैं, यार. ऊपर लिख गए."
आणखी तीन लावल्या. दोन नुसती खरखर. एकीत खिडकीतून भाजीवाल्याशी भांडण, पूर्ण.

रवि., १६ फेब्रु.
लॅपटॉप घेऊन बा.कडे. सगळं सांगितलं, फोटोंचंही. ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मीच. तिचेच फोटो." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं ते राहूनच गेलं. त्यांचा हात धरला.
भांडण ऐकवलं. "काका, ये पालक है कि घास?" बा. हसले, डोळे पुसले, "पुन्हा लाव" म्हणाले. पुन्हा लावलं.
मग यादी त्यांनी स्वतः खाली सरकवत नेली. शेवटची फाइल, नाव "अहो". आकार दिसतोय, मोठी आहे. आत ती आहे की फोटो, ते लावल्याशिवाय कळणार नाही.
"लावू?"
"थांब. चहा ठेवतो."
आत गेलेत, कधीचे. पाणी उकळून आटत आलं असेल. मी इथे हे लिहीत बसलेय, फाइलवर बोट ठेवून.
आत पेल्यावर चमचा वाजला. दोनदा.