तुझ्या नावाची घागर

डिंडोली, सुरत
६ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप फुईस,

तुझ्या भावाच्या, उखाच्या जयश्रीचा तुझ्या पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला मला संकोच वाटतोय, तो का ते पुढे कळेल. शीतल, हे पत्र आजीला तूच वाचून दाखवशील, म्हणून तुला आधीच सांगते. मोठ्याने वाच, मधली पानं गाळू नकोस आणि मी घाबरू नका म्हणेन तिथे आजीचा हात धरून ठेव. आजीला फोनवर ऐकू येत नाही असं कळलं, म्हणून पत्र. खरं सांगायचं तर ऐकू येत असतं तरी फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

इकडे ऊन नुसतं भाजून काढतंय. मी घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते, पंखा लावला तर टिकल्या उडतात आणि बंद केला तर जीव उडतो. नाना, तुझा भाऊ, आमच्याकडेच असतात. लूमच्या आवाजाने त्यांचा एक कान गेला, दुसरा त्यांना हवं तेवढंच ऐकतो. आमचे हे म्हणतात, सासऱ्यांचं बरं आहे, भाजी अळणी झाली हे मात्र त्यांना पलीकडच्या खोलीतून ऐकू जातं.

गेल्या अखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, पितरांसाठी भरलेल्या घागरीवर त्यांची नावं घेताना नाना अडखळले. बापाचं, आजाचं नाव आलं, त्याच्यापुढचं काही केल्या आठवेना. ते दिवसभर जेवले नाहीत. तेव्हा मी ठरवलं की आपलं घराणं शोधून काढायचं. पण सुरतेत कोणाला विचारणार? इथे दगड मारला तर पाटलाला लागतो, आणि तो पाटील तुमचं गाव कोणतं हे विचारून पुढे जातो.

उधन्यात आपल्या खानदेशी लोकांचं एक वाचनालय आहे, तिथे धुळ्या-जळगावच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे पडून आहेत. मी त्यातल्या निधनवार्ता वाचत बसले. लोक हसायचे. पण फुई, माणूस गेल्यावर चार ओळींत त्याचं सगळं गणगोत छापून येतं. कोण मागे राहिलं, तो कोणाचा आजा, कोणाचा चुलता, बहीण कुठे दिली. एका बातमीत दुसऱ्या बातमीचा धागा सापडतो. तुमचे भिका काका सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले, झेंडूमाय तर शंभरी ओलांडून. सगळीकडे एकच, ‘वृद्धापकाळाने’. आपल्या घराण्यात कोणाला लवकर निघायची घाईच नाही, असं मी नानांना म्हटलं. एरवी अशा बोलण्यावर ते खुलतात. त्या दिवशी उठून बाहेर गेले.

ते का उठले, हे आता सांगते. घाबरू नका.

तीन वर्षांपूर्वी पेपरात एक बातमी आली होती. ‘अनुसयाबाई सखाराम पाटील, रा. पिंप्री, यांचे वृद्धापकाळाने निधन.’ वयही तुझ्याएवढंच. आमच्या हाती तो पेपर आला तोवर दहावं होऊन गेलं होतं. नानांनी अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली अंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

फुई, तेव्हापासून आम्ही तुझी घागर भरतोय.

हस, रड, शिव्या दे, तुझा हक्क आहे. पहिल्या वर्षी गल्लीतल्या जाणत्या बायांनी नानांना अडवलंही होतं. “बहीणनी घागर भाऊना घर नही भरतस,” म्हणाल्या. नाना म्हणाले, “जिती व्हती तवय लेवाले गऊ नही. आते पाणी तरी देसू.” तू जिवंत असताना न्यायला गेलो नाही, ही त्यांची खंत ऐकून बाया बाजूला झाल्या. तुझं पित्तर म्हणून शेजारच्या मंगलाबाईंना पाटावर बसवलं, सांजोऱ्या आणि आमरस वाढला. दर वर्षी त्या तुझ्या नावाने पोटभर जेवतात. खोट्या बातमीने आयुष्य वाढतं म्हणतात, मग तुझं किती वाढलं असेल ते तूच बघ.

या फेब्रुवारीत निंबा काकांची बातमी सापडली, अलीकडचीच. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘पिंप्री येथील श्रीमती अनुसयाबाई यांचे ते चुलत बंधू होत.’ तुझ्या नावाआधी ‘कै.’ नव्हतं. मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. मग जुनी बातमी काढून पाहिली, तर ती पिंप्री दुसऱ्याच तालुक्यातली. अनुसया काय, सखाराम काय आणि पिंप्री काय, खानदेशात पायलीचे पन्नास. निंबा काकांच्या नातवाला, गजेंद्रला, फोन लावला. तो म्हणाला, “आजी? कालच शेवग्याच्या शेंगा तोडत होती.”

मी वाचनालयातच रडले. तिथल्या माणसाने पाणी आणून दिलं आणि विचारलं, “कोण वारलं, ताई?”

ती बातमी वाचली तेव्हाच नाना तुमच्या दारावर दुःखाला बसायला गेले असते, तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. पण त्यांना तोंड नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका अखाजीला लूम सोडता येत नाही म्हणून त्यांनी गावच्या माणसाबरोबर साडी आणि बोलावणं धाडलं. तू ती साडी दारातूनच परत केलीस, म्हणालीस, मुऱ्हाळी म्हणून भाऊ स्वतः न्यायला येईल तेव्हाच माहेरी पाऊल टाकेन. नाना म्हणाले, बोलावूनही आली नाही. तुम्ही दोघं एकाच मातीचे, दुसरं काय! पुढे प्रत्येक अखाजीला नाना दाढी करून ओट्यावर बसायचे, आणि आम्हाला कोणाला काही विचारायची सोय नव्हती. मला त्यांचा राग येतो, तुझाही येतो. आणि तू आहेस या आनंदापुढे दोन्ही राग टिकत नाहीत.

दोन महिने मला धीर झाला नाही, परवा नानांना सांगितलं. ऐकू येणारा कान माझ्याकडे करून तू जिवंत आहेस हे त्यांनी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. “मनी बाई जिती शे?” मग कोपऱ्यातली रिकामी घागर उचलून मंगलाबाईंच्या घरी देऊन आले, म्हणाले, पाणी प्यायला ठेवा.

आता खरं काम लिहिते. ते येत आहेत. आमचे हे सोबत असतील, पुढच्या आठवड्यात अमळनेरला उतरतील. नानांचे गुडघे गेले आहेत, मी खूप अडवलं. “मी पाठवलेला माणूस तिने एकदा परत केला,” एवढंच म्हणाले. अखाजीला तुला सुरतेला आणायचं, हे त्यांनी मनाशी धरलंय. तुला यायचं नसेल तर नको येऊस, मी समजेन. पण त्यांचं काय होईल, ते मला माहीत नाही.

हे पत्र पुरं करताना मी विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? नाना म्हणाले, जसं सांगतो तसं लिही:

“बाई, मी दारमा उभा ऱ्हासू. तू हाक मारशी तवयच घरमा येसू.”

फुई, हाक मार.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
जयश्री