दादाचा चेहरा हळदूच्या फळीवर

११ जानेवारी १९९८, कळवा
बाबांनी आज सांगून टाकलं. दादाचा विधी उरकायचा, दर्भाचा पुतळा करून. गेल्या पावसात होडी तिवरांत अडकलेली मिळाली, दादा नाही. वहिनीचे वडील मोहन्याहून आलेले. म्हणाले, एकदा काय ते ठरवा, पोरगी किती दिवस अशी, ना सवाष्ण ना... पुढचा शब्द गिळला. विधी झाला की तिला माहेरी नेणार. आय चुलीपुढून उठलीच नाही.
बाबा मला म्हणाले, तुमच्या दुकानात लाकडावर लेझरने कोरतात ना, त्याचा फोटो कर. कागदाचा इथल्या दमट हवेत टिकत नाही.

१३ जाने.
शेठना विचारलं. ट्रॉफ्या नि नेमप्लेटी झाल्या की मशीन वापर म्हणाले. मशीन आल्यापासून मी नावंच कोरतेय. फोटो एक-दोनदा करून बघितला तर नुसता काळा डाग.
दादाचा एकट्याचा फोटो घरात नाही. सारखा खाडीवर, कोण काढणार. लग्नातला आहे, वहिनी शेजारी.

१६ जाने.
सागाच्या फळीवर केला. गेला. सागाच्या रेघा इतक्या गडद, दादाच्या गालावर ओरखडे ओढल्यासारखे. मागचा मांडव, माणसं, सगळं जळून एकच काळं. शेठ म्हणाले, "फोटोतलं करडं लाकडाला कळत नाही. जळलेलं आणि न जळलेलं, एवढंच."
फळी घरी नाही आणली. टाकवतही नव्हती.

२१ जाने.
माजिवड्याच्या वखारीत हळदूच्या लाकडाचा तुकडा मिळाला. पिवळसर, रेघ जवळजवळ नाहीच. कॉम्प्युटरवर फोटो ठिपक्यांत फोडला. ठिपके दाट ठेवले की एकमेकांत जळतात, म्हणून सुटे केले. चेहरा उजळ, डोळे-मिशी गडद. पहिल्यांदा नाक आलं. पण धुराचा तपकिरी फराटा कपाळापासून गळ्यापर्यंत. आणि मागची गर्दी चेहऱ्यात घुसतेच. ती पुसायला हवी. म्हणजे वहिनीलाही.

२४ जाने.
वहिनी दुकानात आली, आयला बाजाराचं सांगून. कॉम्प्युटरवर मी मांडव पुसला, करवल्या पुसल्या. तिच्यापाशी हात थांबला. ती शेजारच्या स्टुलावर बसलेली. म्हणाली, "काढ मला."
काढलं. हिरवा चुडा, मुंडावळ्या, सगळं पांढरं होत गेलं. ती स्क्रीनकडे बघत होती. मग बोट ठेवून म्हणाली, "माझा खांदा राहिलाय बघ."
घरी येताना दोघी पुलावरून चालत आलो. विचारलं, तुला जायचंय का मोहन्याला? म्हणाली, वाट बघता बघता त्याचा आवाज विसरलेय.

२८ जाने.
फोटो लाकडावर जाळून करतेय ते आयला कळलं. माझ्या ओढणीला जळक्या लाकडाचा वास. सुकट निवडत बसलेली, वर न बघता विचारलं, मी खरं सांगितलं. बाबांना ती एक शब्द बोलली नव्हती इतके दिवस. मला म्हणाली, "तो पाण्यान गेला. त्याला आगीन नको घालू, बाय."
जेवले नाही.

२ फेब्रु.
दुकानात फाइल उघडून बसले, बंद केली. बाबा रोज विचारतात, झाला का. ते पण वाळलेत. काल धक्क्यावर दुसऱ्यांच्या जाळ्यांकडे बघत उभे होते. त्यांना संपवायचंय हे. त्यांची चूक काय त्यात.

५ फेब्रु.
केला.
आधी फळी घासून गुळगुळीत केली, वर कागदी चिकटपट्टी लावली, धूर लाकडाला लागू नये म्हणून. लेन्सचं अंतर परत परत जुळवलं. मशीन चालू असताना बाहेर जाऊन उभी राहिले. वास आलाच.
पट्टी नखाने सोलत गेले. हनुवटी, ओठ, मग डोळे. काही फाटलेलं नाही, डाग नाही. ओठाचा डावा कोपरा वर, हसू दाबताना व्हायचा तसा. शेठनी बघितलं नि आत गेले.
इतका स्पष्ट यायला नको होता.

७ फेब्रु.
वहिनीने फळी हातात घेतली, पदराने पुसली, स्वच्छ होती तरी. बाबांनी भिंतीत खिळा मारला. आयने फळी उचलली, मांडीवर पालथी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही. बाबा ओरडले नाहीत. विधी उद्या.

८ फेब्रु.
सकाळपासून आय घरात नाही, फळीही नाही. खाडीच्या बांधावर बसलेली दिसली दारातून. बाबा म्हणाले, बोलावून आण. वहिनी म्हणाली मी जाते. तिची पिशवी भरून दाराशी होती, ती तिथेच ठेवून गेली. वडील रिक्षा घेऊन येणार आहेत तिचे.
मला वाटलं आणेल. ती पण तिथेच बसली, आयला चिकटून. फळी दोघींच्या मध्ये, कुणाच्या हातात ते इथून दिसत नाही. भरती येतेय.
भटजी आलेत. दर्भ सोडून ठेवलाय. बाबांनी मला दोनदा हाक मारली.
मी लिहीत बसलेय. अजून कोणाला बोलवायला गेलेली नाही.